ध्रुवप्रदेशांतील पाषाणवनें

इ. स. १९१२ च्या फेब्रुवारींत दक्षिण ध्रुवाहून परतणारे कॅप्टन स्कॉट व त्यांचे सोबती बिअर्डमोर हिमनदीच्या कांठीं थांबले. अन्न अपुरें, शरीरें थकलेलीं. ध्रुव प्रथम गांठण्याचा मान ॲमंडसेननें आधींच मिळविलेला. तरीहि डॉ. विल्सन यांनीं बक्ली पर्वताच्या कड्यांतून पानांचे ठसे असलेले दगड वेंचले. सुमारें ३५ रत्तलांचें तें ओझें त्या मंडळींनीं अखेरपर्यंत ओढलें. नोव्हेंबरांत त्यांचीं प्रेतें सांपडलीं, तेव्हां दगडहि जवळच होते.

त्या दगडांत एवढें होतें तरी काय? १९१४ सालीं केंब्रिजचे वनस्पतिशास्त्रज्ञ सेवर्ड यांनीं त्यांतील पान ओळखलें: ग्लॉसॉप्टेरिस. जिभेच्या आकाराचें हेंच पान श्रोत्यांच्या परिचयाच्या, नागपूरजवळील कामठीच्या खडकांतहि सांपडतें. गोंडांच्या भूमीवरून ज्याला गोंडवन हें नांव पडलें, त्या प्राचीन महाखंडांत भारत व अंटार्क्टिका जोडलेलीं होतीं, याचा हा एक भक्कम पुरावा ठरला.

मग भूमि सरकत ध्रुवाकडे गेली व अरण्य गोठलें, असें कोणी म्हणेल. परंतु तेवढ्यानें कोडें सुटत नाहीं. कॅनडाच्या उत्तरेस, ८० अक्षांशाजवळ, ॲक्सल हायबर्ग बेटावर १९८५ सालीं सुमारें साडेचार कोटी वर्षांपूर्वीचे बुंधे आढळले. तेथील लांकूड दगड झालेलें नाहीं. तें करवतीनें कापतां येतें, जाळलें तर जळतेंहि. ती भूमि त्या काळींहि ध्रुवाजवळच होती. तेव्हां येथें जागा नव्हे, हवामानच पालटलें. शेजारच्या एल्झमीर बेटावर कांसवांचीं व मगरीच्या कुळांतील प्राण्यांचीं हाडें मिळालीं आहेत. ध्रुवाची दीर्घ रात्र मात्र तेव्हांहि होतीच. मेटासिक्वोयासारखे वृक्ष त्या काळोखांत पानें गाळून स्वस्थ राहत आणि उन्हाळ्याच्या अखंड प्रकाशांत झपाट्यानें वाढत.

ही ऊब मुख्यतः हवेंतील कार्बन डायऑक्साइड वायूच्या विपुलतेमुळें होती. प्राचीन अरण्यांनीं लक्षावधि वर्षांत साठविलेला कोळसा मनुष्यानें दोन-अडीच शतकांत जाळावयास काढला. दहा लक्ष भागांत २८० असलेला हा वायु आतां ४२० हून अधिक झाला आहे. ध्रुवावर पुन्हा वनें उगवलीं तर बिघडलें कोठें, असें मात्र समजूं नये. हिम वितळून समुद्र चढेल, आणि त्या वनांच्या काळीं किनाऱ्यावर मनुष्याचीं नगरें नव्हतीं.

विल्सन यांचे दगड आज लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयांत आहेत. मरणाच्या दारांतहि त्या प्रवाशांनीं ते टाकले नाहींत. त्यांतील साक्ष दुर्लक्षिणें शहाण्या पिढीस शोभणार नाहीं.