एकच प्रश्न, बदलती अट



या परिषदेचं अध्यक्षपद मला दिलंत, त्याबद्दल आभार. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतल्या महाविद्यालयांनी मिळून परिषद भरवली, याचं मला विशेष अप्रूप वाटतं. पेशीशास्त्र आणि मेंदूविज्ञान म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मुंबई, बंगळुरू, फार तर पुण्याचं पाषाण येतं. नीरेच्या डाव्या कालव्याचं आणि उजनीच्या फुगवट्याचं नाव या विषयाशी कुणी जोडत नाही. ते का जोडावं, हे सांगण्यासाठी मी उभी आहे.

आजचा विषय आहे संशोधकाची कारकीर्द. त्यावर बोलताना आपण बहुधा पदव्यांची यादी करतो: बीएस्सी, एमएस्सी, नेट, पीएचडी, परदेशात पोस्ट-डॉक, मग नोकरी. बायोडेटासाठी ही यादी ठीक आहे. पण तीच यादी असलेल्या दोन माणसांपैकी एकाच्या नावावर एक प्रश्न उभा राहतो आणि दुसऱ्याच्या नावावर फक्त पानं जमतात. हा फरक कुठून येतो, ते पाहू.

सुरुवात बारामतीच्याच एका रहिवाशापासून करते. कवी मोरोपंत 1794 मध्ये याच गावी वारले. त्यांनी एकाच कथेवर शंभराहून अधिक रामायणं रचली आणि त्यांतल्या अनेकांना वेगवेगळी अट घातली. निरोष्ठ रामायणात ओठ मिटून उच्चारायची अक्षरं वर्ज्य केली. म्हणजे रामाची कथा सांगायची, पण 'राम' हा शब्दच वापरता येत नाही! साहित्याचे अभ्यासक याला शब्दचमत्कृती म्हणतील. मी प्राणिशास्त्राची शिक्षिका आहे, मला त्यात प्रयोगाची रचना दिसते. कथा तीच ठेवायची, एक घटक काढून घ्यायचा आणि उरलेली रचना कशी उभी राहते ते बघायचं.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) डॉ. शुभा टोळे यांनी उंदराच्या गर्भाच्या मेंदूत हेच केलं आहे. सेंट झेवियर्समधून बीएस्सी, कॅलटेकमधून पीएचडी, शिकागोत पोस्ट-डॉक करून त्या 1999 मध्ये टीआयएफआरमध्ये आल्या. स्मृतीशी निगडित असा मेंदूचा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग कुणाच्या सांगण्यावरून घडतो, हा त्यांचा प्रश्न. 2008 मध्ये 'सायन्स' नियतकालिकात त्यांचं आणि अमेरिकेतल्या सहकाऱ्यांचं काम प्रसिद्ध झालं. एलएचएक्स-2 हे जनुक काही पेशींतून काढून टाकलं, तर त्या पेशी हिप्पोकॅम्पस घडवणाऱ्या संघटक पेशींची भूमिका घेतात आणि त्यांच्या शेजारच्या पेशींपासून भलत्याच जागी हिप्पोकॅम्पस तयार होतो, असं त्यात दिसलं. ही किमया गर्भवाढीच्या अगदी सुरुवातीच्या मोजक्या काळातच घडते. तेच जनुक नंतर काढलं तर परिणाम वेगळा होतो. 2011 मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेनं दाखवलं, की हिप्पोकॅम्पसच्या मूळ पेशींनी चेतापेशी व्हायचं की ॲस्ट्रोसाइट नावाच्या सहायक पेशी, या निर्णयातही त्याच जनुकाचा हात आहे. जनुक तेच होतं, अट फक्त वेळेची बदलली. 2010 चा भटनागर पुरस्कार आणि 2014 चा इन्फोसिस पुरस्कार आपण बातमीत वाचतो. संस्थेत रुजू होण्यापासून 'सायन्स'मधल्या त्या लेखापर्यंतची नऊ वर्षं मात्र बातमीत येत नाहीत.

आता थोडं मागे जाते. पुण्यात 1917 साली जन्मलेल्या, हुजूरपागेत आणि फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या कमल समर्थ, म्हणजे पुढच्या डॉ. कमल रणदिवे. पुण्याच्या शेतकी कॉलेजात त्यांनी एमएस्सीसाठी विषय घेतला सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या गुणसूत्रांचा. सासवडचं सीताफळ आपण टोपलीनं घेतो. त्या कुळाच्या पेशीत डोकावून एका मुलीनं कर्करोगाच्या संशोधनापर्यंतचा रस्ता धरला. लग्नानंतर त्या मुंबईला गेल्या आणि 1949 मध्ये डॉ. वसंत खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली पीएचडी झाल्या. मग बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत पेशी शरीराबाहेर वाढवण्याचं तंत्र शिकल्या. परत येऊन त्यांनी भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. आज पुणे विद्यापीठाच्या आवारातलं राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र देशभरातल्या प्रयोगशाळांना पेशी पुरवतं, तेव्हा एक फोन केला की काम होतं असं वाटतं. रणदिव्यांच्या काळात काचेची नळी निर्जंतुक करण्यापासून सगळं स्वतः उभं करावं लागत होतं. माझ्या मते, त्यांच्या लेखांइतकंच मोठं काम म्हणजे त्यांच्यानंतरच्या माणसाला काम करता येईल अशी जागा त्यांनी मागे ठेवली.

अशीच जागा पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात डॉ. लीला मुळहेरकरांनी निर्माण केली. एडिंबरोत गर्भवैज्ञानिक वॉडिंग्टन यांच्याकडे काम करताना कोंबडीचा गर्भ अंड्याबाहेर वाढवून अभ्यासण्याचं कौशल्य त्यांनी आत्मसात केलं आणि ते पुण्यात आणलं. त्यांचे विद्यार्थी डॉ. सुरेंद्र घासकडबी पुढे आघारकर संशोधन संस्थेत हायड्राकडे वळले. हायड्राला मेंदू नाही, अंगभर पसरलेलं चेतापेशींचं जाळं आहे. त्याचं डोकं कापलं तर काही दिवसांत नवं उगवतं आणि ते जाळंही नव्यानं विणलं जातं. त्यांच्या प्रयोगशाळेत ज्यावर काम झालं, त्या हायड्राच्या वाणाची शास्त्रीय साहित्यात 'इंड-पुणे' अशी नोंद आहे. आपल्या भागातल्या पाण्यातला काही मिलिमीटरचा जीव जगाच्या नकाशावर गेला, कारण एका विभागात हाताला वळण लावणारं कुणीतरी होतं.

कारकीर्द सरळ रेषेत जात नाही, हेही विद्यार्थ्यांनी ऐकून ठेवावं. भारतातल्या मेंदूविज्ञानाचे एक प्रवर्तक ओबेद सिद्दिकी दिल्लीत गव्हावर काम करत होते. गारपिटीनं त्यांचं प्रयोगाचं शेत झोडपलं आणि ते वनस्पती सोडून ग्लासगोला सूक्ष्मजीवांच्या आनुवंशिकीकडे गेले. होमी भाभांनी त्यांना टीआयएफआरमध्ये बोलावलं आणि पुढे फळमाशीच्या चेतासंस्थेवर काम करणारी एक पूर्ण परंपरा त्यांच्याभोवती उभी राहिली. गारपीट म्हणजे काय, हे इंदापूरच्या डाळिंबवाल्यांना मी सांगायला नको.

आता आपल्या पाण्याकडे येते. उजनीचं धरण 1980 मध्ये पूर्ण झालं. इंदापूर तालुक्याच्या कडेनं त्याचा फुगवटा पसरला आणि भिगवणला मासळीचा बाजार उभा राहिला. त्या बाजारात सगळ्यात जास्त दिसते ती चिलापी. पूर्वीचे देशी मासे मागे पडले आणि चिलापीनं जलाशय व्यापला, असं मच्छीमार सांगतात. पर्यावरणाच्या अंगानं ती चिंतेची गोष्ट आहे. पण मेंदूविज्ञानाच्या अंगानं तिच्याकडे पाहा. नर उथळ तळाशी खळगा करून हद्द राखतो, मादी अंडी तोंडात धरून उबवते. ती ज्या कुळातली, त्याच कुळातल्या आफ्रिकेच्या एका लहान माशावर स्टॅनफर्डच्या रसेल फर्नाल्ड यांनी आयुष्य घालवलं. 1993 मध्ये त्यांच्या गटानं दाखवलं, की हद्द मिळवलेल्या नराच्या मेंदूत प्रजनन चालवणाऱ्या जीएनआरएच संप्रेरकाच्या चेतापेशी आकारानं वाढतात. हद्द गेली की त्या पुन्हा लहान होतात. समाजातल्या दर्जानुसार पेशीचा आकार बदलतो, हे माशात पाहायला मिळालं!

आणि हे फक्त स्टॅनफर्डलाच जमतं असंही नाही. त्याच संप्रेरकाच्या पेशी मागूर माशाच्या मेंदूत कुठे कुठे आहेत, याचा नकाशा डॉ. निशिकांत सुभेदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1988 मध्ये प्रसिद्ध केला. तोही नागपुरात बसून, बाजारात मिळणाऱ्या माशावर. पुढे ते पुण्याच्या आयसरमध्ये आले, तरी मेंदूतल्या संप्रेरकांचा प्रश्न त्यांनी सोडला नाही. मागूर नागपूरला मिळतो, तसा आपल्याकडेही मिळतो.

आपल्या भागाशी जोडता येणारं दुसरं उदाहरण जरा नाजूक आहे. डॉ. विदिता वैद्य 2000 पासून टीआयएफआरमध्ये आहेत. बालपणी सोसलेला ताण प्रौढ वयातल्या मेंदूवर काय खुणा ठेवतो, हा त्यांचा एक प्रश्न. सेरोटोनिन हे रसायन चेतापेशीतल्या मायटोकाँड्रियांची संख्या आणि कार्य वाढवतं, हे त्यांच्या गटानं 2019 मध्ये दाखवलं. पेशीशास्त्र आणि मेंदूविज्ञान इथे एकाच पेशीत भेटतात. त्यांचे प्रयोग उंदीर-घुशींच्या कुळातल्या प्राण्यांवरचे आहेत. त्यांवरून माणसाबद्दल घाईनं काही बोलू नये. पण दर हंगामात आपल्या कारखान्यांच्या परिसरात कोप्या पडतात, त्यांत वाढणाऱ्या ऊसतोड मजुरांच्या मुलांकडे पाहिल्यावर हा प्रश्न परका राहत नाही. तो विचारण्याची पात्रता आपण आपल्या विद्यार्थ्यांत आणणार आहोत का?

कारण आजची आपली स्थिती कठीण आहे. 2014 मध्ये यूजीसीनं वर्गातलं प्राण्यांचं विच्छेदन थांबवलं. त्यामागची करुणा मला मान्य आहे. पण त्या रिकाम्या तासात आपण काय आणलं? बऱ्याच ठिकाणी तक्ते आणि व्हिडिओ आणले, आणि मुलांच्या हातांना काम उरलं नाही. दुसरीकडे, मंजूर जागा रिकाम्या ठेवून तासिका तत्त्वावर शिक्षक नेमले जातात. ज्याची पुढच्या जूनमधली नोकरी नक्की नाही, तो दहा वर्षांचा प्रश्न कसा हाती घेईल? आणि जे कायम आहेत, त्यांना बढतीसाठी लेखांची संख्या मोजून दाखवावी लागते. 2018 मध्ये पुणे विद्यापीठातल्या डॉ. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी 'करंट सायन्स'मध्ये यूजीसीच्या तेव्हाच्या मान्य नियतकालिकांच्या यादीचा पंचनामा केला. विद्यापीठांनी सुचवलेल्या, अन्यत्र सूचीबद्ध नसलेल्या ज्या नियतकालिकांचा त्यांनी अभ्यास केला, त्यांतली 88 टक्क्यांहून अधिक दर्जाहीन असू शकतात, असा निष्कर्ष निघाला. पैसे भरून छापलेला लेख बढती देईल. प्रश्न मात्र तो एकही पुढे नेत नाही.

म्हणून अध्यक्ष या नात्यानं काही सूचना मांडते.

पहिली. प्रत्येक विभागानं एक प्राणी आणि एक प्रश्न निवडावा आणि दहा वर्षं बदलू नये. एका तुकडीची नोंदवही पुढच्या तुकडीकडे जावी. इंदापूरकरांनी चिलापी घ्यावी, बारामतीकरांनी कालव्याकाठच्या डबक्यातला हायड्रा घ्यावा.

दुसरी. खाण्यासाठी विकलेल्या माशांची डोकी बाजारातून ताजी मिळतात. त्यासाठी वेगळा जीव घ्यावा लागत नाही. तो मेंदू आधी पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये आणि नंतर सिल्व्हर नायट्रेटमध्ये ठेवायचा, ही 1873 ची गोल्जी पद्धत. शेकडो पेशींपैकी मोजक्याच काळ्या होतात, पण ज्या होतात त्या फांद्यांसकट पूर्ण दिसतात. याच पद्धतीत सुधारणा करून रामोन इ काहाल यांनी पक्ष्यांच्या मेंदूतल्या पेशी पाहिल्या, 1888 मध्ये स्वतःच्या खर्चानं नियतकालिक काढून निष्कर्ष छापले आणि चेतापेशी ही स्वतंत्र पेशी असते हे जगाला पटवलं. 1906 चं नोबेल त्यांना गोल्जींबरोबर मिळालं. ही दोन रसायनं आणि साधा सूक्ष्मदर्शक आपल्या प्रत्येक विभागात आहे.

तिसरी. माळेगावला राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे, बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्यांच्या प्रयोगशाळांत आमच्या विद्यार्थ्यांना सुटीत काम करता यावं, यासाठी या परिषदेनं लेखी प्रस्ताव द्यावा. आजच्या समारोपात तसा ठराव व्हावा, अशी माझी विनंती आहे.

चौथी सूचना संस्थाचालकांना. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकानं विद्यार्थ्यांबरोबर केलेल्या प्रयोगाचे तास मोजा आणि त्याचे पैसे द्या. रिक्त जागा भरण्यासाठी शासनाकडे आमच्याबरोबर या.

आता विद्यार्थ्यांना काही गोष्टी सांगते. नेटमध्ये कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती (जेआरएफ) मिळाली, तर 2023 पासून सुरुवातीला महिना 37,000 रुपये मिळतात. घरी सांगायला तो आकडा उपयोगी पडतो, आणि शिष्यवृत्ती लांबली तर घर कसं चालेल याचाही विचार आधीच करून ठेवा. मार्गदर्शक निवडताना संस्थेच्या पाटीपेक्षा त्यांचे जुने विद्यार्थी आज काय करतात ते विचारा. पहिली चार-पाच वर्षं हाती काही लागणार नाही. त्या वर्षांत प्रश्न बदलू नका, अट बदलून पाहा.

आजपासून दोन दिवस या सभागृहात शोधनिबंध वाचले जातील. प्रत्येक सत्रात वक्त्याला किमान एक अवघड प्रश्न विचारला जावा, एवढी अपेक्षा ठेवते. पहिल्या सत्राला प्रारंभ झाल्याचं जाहीर करते.