कांगेरच्या खोऱ्यातील ‘आमचो’



भिलाईहून बस्तरकडे निघालेले कुटुंब बहुधा तीरथगडचा धबधबा मनात धरूनच निघते. जगदलपूरपासून सुमारे ३५ किलोमीटरवर, १९८२ साली घोषित झालेल्या कांगेर घाटी राष्ट्रीय उद्यानात तो टप्प्याटप्प्याने सुमारे ३०० फूट खाली झेपावतो. साल-सागाचे दाट वन आणि कुटुमसर गुहेच्या अंधारात दृष्टी क्षीण झालेले मासे पाहून मंडळी सायंकाळी परततात. पहाडी मैना मात्र सहसा दर्शन देत नाही.

या अरण्यात गावेही नांदतात, हे पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. कांगेर नदीकाठच्या धुडमारासचे धुरवा ग्रामस्थ पाहुण्यांना आपल्या घरी उतरवून घेतात, बांबूच्या तराफ्यावरून नदीत फिरवतात. तेथील मूल घरी धुरवी बोलते, बाजारात हलबी आणि शाळेत हिंदी. हलबीतले ‘आमचो बस्तर’ हे शब्द कानी पडताच मराठी पाहुणा चमकतो. ‘आमचा’चा हा भाऊबंद इतक्या दूर कसा? ग्रियर्सनने आपल्या भाषासर्वेक्षणात हलबीला मराठीच्याच खंडात स्थान दिले होते. तिच्यात ओडिया आणि छत्तीसगढीचाही मोठा वाटा आहे. तेव्हा तिच्यावर मालकी सांगण्याचा मोह टाळलेलाच बरा.

भिलाईतील मराठी मूलही उंबऱ्याआत एक भाषा आणि बाहेर दुसरी बोलते. धबधब्यापाशी छायाचित्रे काढून झाली, की त्याला घटकाभर गावातील एखाद्या आजीजवळ बसू द्यावे, तिची हलबी ऐकू द्यावी. पावसाळ्यात गुहा बंद असते. त्यामुळे हिवाळ्याची सुटी या प्रवासाला सोयीची.