चित्रपटांच्या तबकड्या आणि प्रतिलेखकाचा धर्म
(श्रीमठाच्या वर्धापनोत्सवातील व्याख्यान)



मठाच्या उत्सवात चित्रपटांच्या तबकड्यांचा विषय निघावा, याचे काही श्रोत्यांस नवल वाटेल. परंतु ग्रंथरक्षण हे मठांचे फार जुने कार्य आहे, आणि ते मुख्यत्वे प्रती करण्याचेच कार्य होते. ताडपत्र किडले की नव्या ताडपत्रावर, पुढे कागदावर, ग्रंथ उतरून काढावयाचा, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालला. आज जे प्राचीन ग्रंथ वाचावयास मिळतात, ते मूळ पत्रे टिकली म्हणून नव्हे, तर ती नष्ट होण्यापूर्वी कोणी तरी त्यांची प्रत केली म्हणून. तोच प्रसंग आता घराघरांतील रुपेरी तबकड्यांवर येऊन ठेपला आहे.

गोवा, बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांस मराठी चित्रपट वा नाटक पाहण्याचा योग सहजी येत नसे. पुण्या-मुंबईस गेलेला माणूस परतताना चार तबकड्या घेऊन येई. त्यांच्याच शेजारी कपाटात घरच्या मुंजीची, मठातील उत्सवाची, एखाद्या वृद्ध शास्त्रीबुवांच्या प्रवचनाची तबकडी ठेवलेली असते. शास्त्रीबुवा आज हयात नाहीत. त्यांचा आवाज तेवढा त्या तबकडीत आहे. ती लावावी तर नव्या संगणकास बहुधा तबकडीचे दारच नसते, आणि जुने यंत्र बिघडलेले असते. यावर उपाय एकच: तबकडीवरील ऐवज संगणकाच्या फाईलमध्ये उतरून घेणे. हे काम आज अनेक जण करतात. परंतु उतरून घेणे आणि नीट उतरून घेणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर दाखविणे हाच या विवेचनाचा हेतू आहे.

प्रथम तबकडीचे स्वरूप पाहू. व्यास १२ सेंटिमीटर आणि जाडी १.२ मिलिमीटर, एवढीच ही वस्तू. १९९३ साली प्रमाणित झालेल्या व्हीसीडीवर सुमारे ७४ मिनिटांचे चित्रण मावते. म्हणून एकेक चित्रपट दोन-तीन तबकड्यांत विभागलेला असतो. १९९५ साली निश्चित झालेल्या डीव्हीडीवर, आपल्याकडील पाल पद्धतीत, एका चित्रात ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२० बिंदू असतात, आणि अशी २५ चित्रे सेकंदाला सरकतात. रंगांच्या बाबतीत नेहमीची काटकसर धरूनही हे सर्व जसेच्या तसे साठवावयाचे म्हटले, तर दोन तासांच्या चित्रपटास सुमारे ११२ गिगाबाइट जागा लागेल. एकपदरी डीव्हीडीत जागा असते ४.७ गिगाबाइट. अर्थात तबकडीवर येण्यापूर्वीच चित्रपटाचा मोठा संक्षेप झालेला असतो. या संक्षेपाच्या पद्धतीस एमपेग-२ असे नाव आहे. संक्षेपात जे गाळले गेले ते पुन्हा मिळत नाही. आणि संक्षेपाचा पुन्हा संक्षेप केला, तर आणखी काही गळते. हे सूत्र ध्यानात ठेवले म्हणजे पुढील सर्व नियम आपोआप कळतात.

दुसरी गोष्ट वेदपाठकांस विशेष गोड वाटेल. क्रम, जटा, घन या पाठांत तीच पदे उलटसुलट क्रमाने पुनःपुन्हा येतात. त्यामुळे एके ठिकाणी झालेली चूक दुसऱ्या ठिकाणी पकडली जाते. तबकडीवरही मूळ अंकांबरोबर, त्यांच्यावरून गणिताने काढलेले अधिक अंक कोरलेले असतात. रीड आणि सॉलोमन या दोन गणितज्ञांनी १९६० साली मांडलेली ही युक्ती. ओरखड्याने काही अंक पुसले गेले, तरी यंत्र उरलेल्यांवरून ते पुन्हा सिद्ध करते. परंतु या उपकारातच एक धोका दडलेला आहे. झीज मर्यादेत आहे तोपर्यंत तबकडी निर्दोष भासते. मर्यादा ओलांडली की चित्र गोठते, आवाज तुटतो, आणि मग काहीच हाती लागत नाही. म्हणून "अजून तर उत्तम चालते" हा भरवसा फसवा होय.

बाजारात विकली जाणारी चित्रपटाची तबकडी साच्यातून छापलेली असते. तिच्यावरील खाचा प्लास्टिकमध्येच उमटलेल्या असतात. घरी किंवा छायाचित्रकाराच्या दुकानात लिहिलेली तबकडी निराळी. तिच्यात रंगद्रव्याचा एक थर असतो, आणि ऊन, उष्णता व दमट हवा यांनी तो बिघडतो. गोव्याच्या पावसाळ्यात याची कल्पना सांगावयास नको. तेव्हा कपाट उघडल्यावर आधी शास्त्रीबुवांचे प्रवचन उतरून घ्यावे, चित्रपट मागाहून. आणखी एक सूचना: सीडीचा चकाकणारा थर लेबलाच्या अगदी खाली असतो. त्या बाजूस टोकदार लेखणीने नाव लिहिणे म्हणजे खालच्या बाजूच्या ओरखड्याहूनही अधिक अपाय करणे होय.

आता प्रत्यक्ष कृती. तिच्या दोन पायऱ्या आहेत आणि त्यांचा क्रम बदलता कामा नये. पहिली पायरी यथामूल प्रतीची. तबकडीवरील प्रत्येक अंक, काहीही न गाळता, एका फाईलमध्ये उतरावयाचा. अशा फाईलला आयएसओ प्रतिमा म्हणतात. तीत चित्र, ध्वनी, उपशीर्षके, अनुक्रमणी सर्व काही राहते. दुसरी पायरी व्यवहारप्रतीची. त्या यथामूल प्रतीवरून, हँडब्रेकसारख्या विनामूल्य साधनाने, भ्रमणध्वनीवर सहज चालेल अशी लहान एमपी-४ फाईल करावयाची. २००३ साली प्रमाणित झालेली एच-२६४ ही पद्धती एमपेग-२ पेक्षा सुमारे निम्म्या जागेत तितकेच चांगले चित्र देते. त्यामुळे दोन तासांचा चित्रपट दीड गिगाबाइटच्या आसपास बसतो. प्रवासात पाहण्यास ती उत्तम. तथापि बहुतेक जण दुसऱ्या पायरीपासूनच आरंभ करतात, आणि लहान फाईल तयार झाली की तबकडी टाकून देतात. हे म्हणजे ग्रंथाचे सार लिहून घेऊन ग्रंथ नदीत सोडण्यासारखे आहे. जागेची सबबही टिकत नाही. दुपदरी डीव्हीडी काठोकाठ भरली तरी ८.५ गिगाबाइट, अशा शंभर तबकड्यांस ८५० गिगाबाइट पुरतात, आणि तेवढे एका टेराबाइटच्या साठवणयंत्रात मावते. मात्र अशी दोन यंत्रे दोन वेगळ्या वास्तूंत असावीत.

व्यवहारप्रत करतानाही सावधगिरी हवी. दूरचित्रवाणीसाठी केलेल्या चित्रणात एकेक चित्र दोन अर्ध्यांत विभागलेले असते. एका अर्ध्यात विषम रेषा, दुसऱ्यात सम. ते न जुळविता फाईल केली, तर हलणाऱ्या हाताच्या कडा फणीच्या दातांसारख्या दिसतात. जुन्या चित्रपटाची चौकट चारास तीन अशा प्रमाणाची असते. ती रुंद पडदा भरण्यासाठी ताणली, तर संतांच्या मुद्राही फुगतात.

जुने लेखक पोथीच्या शेवटी ग्रंथाग्र नोंदवीत. बत्तीस अक्षरांचा एक ग्रंथ, अशी ती मोजणी. प्रतीतून काही गळाले की काय, हे तीवरून ताडता येई. संगणकासही असे ग्रंथाग्र आहे. एसएचए-२५६ ही रीत फाईलमधील सर्व अंकांवरून एक ठरावीक लांबीची खूण काढते. एक अंक जरी बदलला तरी खूण पालटते. प्रत झाल्याबरोबर ही खूण वहीत लिहावी आणि वर्षातून एकदा पडताळून पाहावी.

येथे एक पूर्वपक्ष संभवतो. सर्व काही इंटरनेटवर असताना हा खटाटोप कशाला? उत्तर असे की, तेथे आज असलेला चित्रपट उद्या काढून घेतला जाऊ शकतो, आणि शास्त्रीबुवांचे प्रवचन तर तेथे कधी नव्हतेच. मोठ्या संस्थेवर भार टाकूनही निश्चिंत होता येत नाही. पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले. तरीही २००३ च्या जानेवारीत पुण्यात लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट फिती जळाल्याच. एकाच जागी असलेली वस्तू केव्हाही नाहीशी होऊ शकते.

दुसरा प्रश्न धर्माधर्माचा. भारतीय कायद्याने चित्रपटावरील हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे राहतो. दामले-फत्तेलाल यांचा 'संत तुकाराम' १९३६ सालचा. या गणिताने त्याची मुदत १९९६ अखेर संपली. अलीकडील चित्रपटांचे तसे नाही. स्वतःच्या खाजगी उपयोगासाठी समंजस वापर कायद्यास मान्य आहे; परंतु प्रत करून ती वाटणे अथवा विकणे हा हक्कभंग होय. अनेक डीव्हीडींस अंकांचे कुलूप असते. हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप मोडणाऱ्यास २०१२ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा सांगितली आहे. विकत घेतलेली तबकडी जपून ठेवणे आणि मागून आणलेल्या तबकडीच्या शंभर प्रती गावभर पाठविणे, ही दोन्ही कर्मे यंत्राच्या दृष्टीने एकच आहेत; कर्त्याच्या दृष्टीने मात्र नव्हेत.

जुन्या पोथीलेखकास ग्रंथातील सर्व कळत असेच असे नाही. परंतु जे पुढे आहे ते न बदलता, न गाळता उतरावयाचे, आणि पुढील लेखकाच्या हाती द्यावयाचे, एवढे त्यास पक्के ठाऊक असे. साधन पालटले, पण तो धर्म पालटलेला नाही. या वर्धापनोत्सवाचे स्मरण म्हणून प्रत्येक घराने आपल्या कपाटातील एक तबकडी, जिच्यातील माणूस आता पुन्हा बोलावयाचा नाही अशी एक तबकडी, यंदाच्या पावसाळ्यापूर्वी उतरून घेतली, तर या व्याख्यानाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.

इत्यलम्।