थंडीतला योग : आधी ऊन, मग आसन



भाताची कापणी-झोडणी उरकली की आपल्या गटात विषय निघतोच, "आता जरा शरीराकडे बघू, योग सुरू करू." आणि लगेच पुढचा प्रश्न येतो, "पहाटे पाचलाच उठायचं ना?" थंडीत तरी नाही. आज मी तेच सांगायला आले आहे.

दोन वर्षांपूर्वी मी स्वतः ही चूक केली. अंथरुणातून उठले, गार लादीवर उभी राहिले आणि लगेच पायाचे अंगठे धरायला वाकले. कमरेत उसण भरली. आठ दिवस हंडा उचलता आला नाही.

थंडीत स्नायू आखडलेले असतात. म्हणून आधी दहा मिनिटं अंगण झाडा, जागच्या जागी चाला, खांदे, मनगटं, घोटे हळूहळू फिरवा. अंगात ऊब आली की मग आसनं. ताण जाणवला की थांबायचं, कळ येईपर्यंत ओढायचं नाही. सतरंजीखाली गोधडी घाला, आणि शवासनात अंगावर चादर घ्या.

दुसरी गोष्ट हवेची. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या पाहणीत आपलं तारापूर औद्योगिक क्षेत्र देशात सर्वांत प्रदूषित ठरलं होतं. थंडीच्या रात्री गार हवा जमिनीलगत बसते आणि कारखान्यांचा, गाड्यांचा, पेटवलेल्या कचऱ्याचा धूर तिच्यात अडकतो. ऊन चढलं की तो वर निघून जातो. प्राणायामात आपण खोल श्वास घेतो, मग धूरही तेवढाच आत जातो. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. साडेआठपर्यंत थांबा. बाहेर उग्र वास येत असेल, डोळे चुरचुरत असतील, तर त्या दिवशी प्राणायाम राहू द्या. घरातच, चूल विझल्यावर, हलकी आसनं करा.

जव्हार-मोखाड्याकडे गारठा जास्त. पण ऊब हवी म्हणून खोलीत शेगडी पेटवून दार लावून बसू नका. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो, झोपेतच जीव जातो.

पहिल्या पाळीला कंपनीत जाणाऱ्या ताईंना सकाळ मिळत नाही. त्यांनी चारच्या सुमारास घरी आल्यावर, ऊन असतानाच करावं. फक्त जेवणाला तीन तास झालेले असू द्या.

थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढू शकतो. ज्यांना रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांनी श्वास रोखू नये, कपालभातीही करू नये. दम्याचा त्रास असलेल्या आणि गरोदर बायकांनी आधी आरोग्य केंद्रात विचारावं. छातीत दुखलं, चक्कर आली, तर तिथेच थांबा आणि घरच्यांना हाक मारा. "होईल बरं" म्हणून अंगावर काढू नका.

घरातलं सगळं आवरेपर्यंत आपण स्वतःला थांबवून ठेवतोच. आता थोडं उन्हासाठी थांबूया.