खापराच्या पोटातील उष्णता
(वार्षिक ज्ञातिमेळाव्यात दिलेले व्याख्यान)



गोरोबाकाकांनी थापटणे हाती घेऊन संतमंडळींत पक्के मडके कोणते नि कच्चे कोणते याची परीक्षा केली, ही कथा आपल्या घराघरांत ठाऊक आहे. आज आम्ही मडक्याच्या एका निराळ्या परीक्षेविषयी बोलणार आहोत. भाजलेली माती आपल्या पोटात उष्णता किती साठविते, ती मोजावी कशी आणि आपल्या धंद्याशी तिचा संबंध काय, हा आमचा विषय.

आखाजीला जळगाव-धुळ्याकडील सुगरणी चुलीवर खापर पालथे घालून मांडे भाजतात. खापर तापावयास वेळ घेते. पण एकदा तापले की जाळ जरा मंदावला तरी मांडा बिघडत नाही. एक ग्रॅम लोखंड एक अंशाने तापविण्यास सुमारे ०.११ कॅलरी उष्णता लागते; भाजलेल्या मातीस सुमारे ०.२, म्हणजे जवळजवळ दुप्पट. यासच विशिष्ट उष्णता म्हणतात. (माती उष्णता सावकाश वाहते हेही कारण आहेच, पण तो विषय वेगळा.)

हे मोजमाप शाळेतही होते. खापराचे २०० ग्रॅम तुकडे कोरड्या नळीत घालून, ती नळी वाफेत धरून शंभर अंशांपर्यंत तापवावे आणि ३० अंशांच्या २०० ग्रॅम पाण्यात टाकावे. भांड्याने घेतलेली उष्णता सोडून दिली तर पाणी सुमारे ४२ अंशांवर येते. तितकेच उकळते पाणी ओतले असते तर ते ६५ वर गेले असते.

आपली माती म्हणजे मुख्यतः सिलिकॉन व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे. अशा पदार्थांची उष्णता न मोजता गणिताने सांगता येईल काय? १८१९ साली द्यूलाँ व पेती या फ्रेंच शास्त्रज्ञांनी नियम मांडला की, घन पदार्थातील प्रत्येक अणूचा उष्णतेतील वाटा सारखाच. या हिशेबाने १०२ ग्रॅम ॲल्युमिनियम ऑक्साइडास दर अंशाला ३० कॅलरी लागावयास हव्यात. प्रत्यक्षात साध्या तपमानास १९ च लागतात! हजार अंशांजवळ मात्र आकडा तिसाच्या घरात जातो. १९०७ साली आइन्स्टाइन यांनी याचा उलगडा केला. घट्ट बांधलेले हलके अणू गारव्यात आपला पूर्ण वाटा उचलीतच नाहीत. पुढे १९१२ मध्ये डिबाय यांनी ते गणित सुधारले.

तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात थोरियम व युरेनियम यांच्या ऑक्साइडांची हीच राशी मोजली गेली आहे. १९६९ साली सुरू झालेल्या तारापूरच्या केंद्राचे इंधन म्हणजे युरेनियम ऑक्साइडाच्या दाबून भाजलेल्या वड्याच. थंड करणारे पाणी अकस्मात थांबले तर वडीत आधीच साठलेली उष्णता किती, हे ठाऊक असल्यावाचून सुरक्षिततेचा हिशेब मांडता येत नाही. आपले खापर व ती वडी यांस शास्त्र एकच आहे, हे आपल्या ज्या मुलांस मातीच्या धंद्याचे नाव सांगण्यास संकोच वाटतो त्यांनी अवश्य ध्यानी घ्यावे.

मात्र वरील गणितास आपला आवा पुरता उमगत नाही. मातीतील गारेच्या कणांची अंतर्रचना ५७३ अंशांवर पालटते. तेथे विशिष्ट उष्णता एकाएकी उसळते, आकारमानही बदलते. आवा घाईने उघडला असता भांडी तडकतात त्याचे एक कारण हे. जुन्या माणसांस हा आकडा ठाऊक नव्हता, परंतु आवा आपोआप निवू द्यावा हे ठाऊक होते.

आता जळणाकडे वळू. एक किलो भांडे ८०० अंशांपर्यंत नेण्यास सुमारे २०० किलोकॅलरी लागतात. ओल व मातीत बांधलेले पाणी घालविण्याची उष्णता निराळी. एक किलो कोरडे लाकूड साधारण साडेतीन हजार किलोकॅलरी देते. म्हणजे भांड्यापुरते लाकूड साठ ग्रॅमच्या आसपास! उघड्या आव्यात याच्या कित्येक पट जाते. बाकीची उष्णता धूर आणि वारा नेतात. जळण महागल्याने कित्येक घरांचे चाक थांबले, हे येथे कोणास सांगावयास नको. नुकसान नेमके कोठे होते हे मोजल्याखेरीज आवा सुधारणार नाही.

म्हणून आमची विनंती अशी की, तापी, गिरणा आणि पांझरा काठच्या प्रत्येक गावाने पुढील मेळाव्यास आपल्या आव्यातील एक फुटके खापर आणावे, आणि त्या आव्यात जळण किती गेले व भांडी किती किलो निघाली, हे कागदावर लिहून आणावे. तपमापक व तराजू आम्ही घेऊन येऊ.