कुरणातली शाळा आणि कोळीवाड्याचं वेळापत्रक

(श्रीवर्धन येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



गरिबांच्या मुलांसाठी छोटीशी शाळा काढायची आहे, असं म्हणणारी माणसं आपल्या भागात कमी नाहीत. मुंबईची नोकरी संपवून गावी परतलेले चाकरमानी असतात, कुणाचं वाडीतलं घर रिकामं पडलेलं असतं, कुणाला आईवडिलांच्या नावे काहीतरी उभं करायचं असतं. ही मंडळी सल्ला विचारायला येतात तेव्हा पहिलं वाक्य जवळजवळ ठरलेलं असतं. जागा आमची, पत्रे आमचे, बाकं आमची, तुम्ही फक्त शिक्षक सुचवा. मी त्यांना विचारते, ज्या मुलांसाठी शाळा काढताय, ती मुलं सकाळी सात ते अकरा काय करतात? याचं उत्तर बहुतेकांकडे नसतं. नसण्यात पाप नाही, पण ते मिळाल्याशिवाय पत्रे घेऊ नयेत.

हा प्रश्न माझा नाही. आपल्याच किनाऱ्यावर, मुंबईच्या उत्तरेला, डहाणूजवळच्या बोर्डी गावात तो 1945 मध्ये दोन बायकांपुढे येऊन उभा राहिला. त्यातल्या एक ताराबाई मोडक. वय त्रेपन्न. गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत काम केलेल्या, नूतन बालशिक्षण संघ उभा केलेल्या, दादरला शिशुविहार चालवलेल्या. म्हणजे नाव झालेलं होतं, शहरातली मुलं होती, शिकलेले पालक होते. हे सगळं मागे ठेवून त्या खेड्यात गेल्या, कारण बालशिक्षण हे पांढरपेशांच्या मुलांपुरतं राहिलंय ही बोच त्यांना होती. दुसऱ्या अनुताई वाघ. पस्तिशीच्या. तेराव्या वर्षी लग्न, काही महिन्यांत वैधव्य, मग शिक्षण आणि पुण्यात हुजूरपागेत शिक्षिकेची नोकरी. ती पक्की नोकरी सोडून त्या ताराबाईंबरोबर बोर्डीला आल्या. काळही साधा नव्हता. त्याच वर्षी त्याच पट्ट्यात गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या पुढाकारानं वारल्यांनी वेठीविरुद्ध उठाव केला होता. ज्यांची मुलं शाळेत आणायची होती, ती माणसं सावकाराच्या शेतावर फुकट राबणं नाकारत होती.

बोर्डीत बालवाडी सुरू झाली. चांगली झाली. आणि दलित वस्तीतली मुलं काही तिच्यात येईनात. आता इथे बहुतेक संस्था काय करतात, ते आपण पाहिलेलं आहे. ‘पालकांमध्ये जागृती नाही’ असं अहवालात लिहितात आणि पुढच्या कामाला लागतात. या दोघींनी बालवाडीच उचलली आणि त्या वस्तीच्या अंगणात नेऊन बसवली. तिला अंगणवाडी म्हणू लागले. पुढे 2 ऑक्टोबर 1975 ला केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास सेवा योजना 33 प्रकल्पांत सुरू केली, तेव्हा हे नाव देशभर गेलं. नाव गेलं, पोषण आहार गेला, वजनकाटा गेला. शाळेनं वस्तीत जायचं ही त्यामागची अक्कल किती गेली, याबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. पण दोष सेविकांचा नाही. त्यांच्यावर रजिस्टरांचा डोंगर आहे, आणि इतक्या वर्षांनंतरही त्यांना मिळतं त्याला पगार नव्हे, मानधन म्हणतात.

1957 च्या सुमारास हे काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर, थेट वारल्यांच्या पाड्यांत गेलं. तिथे गाठ पडली खऱ्या अडचणीशी. सात-आठ वर्षांचा पोरगा गुरांमागे असतो. त्याचं नाव हजेरीपटावर चढवणं सोपं, पण तो आला तर गुरं कोण राखणार? बाप मजुरीला, आई सरपणाला. गुरं लोकांच्या भातात शिरली तर दंड बापाला. हा हिशेब त्या मुलाला आपल्यापेक्षा चांगला कळतो. मग शिक्षकच साहित्याची पेटी घेऊन कुरणात गेला. ही कुरणशाळा. त्या वर्गाची कल्पना करून पाहा. निम्मं लक्ष पाटीवर, निम्मं गुरांवर. एखादं वासरू बांध ओलांडायला लागलं की आकडे अर्ध्यावर टाकून पोरगा पळणार, हुसकावून परत येणार आणि पुढचा आकडा काढणार. कुठल्याही साहेबाला तपासणीत हा वर्ग आवडला नसता.

साहित्याचीही तीच गोष्ट. माँटेसोरी पद्धतीचं मूळ साहित्य परदेशी, घोटीव लाकडाचं, महाग. ताराबाईंनी त्यातलं तत्त्व घेतलं आणि वस्तू आसपासच्या घेतल्या. चिंचोके, शिंपले, बिया, खडे. मोजायला, लावायला, लहानमोठं ओळखायला एवढं पुरतं. आपल्याकडे तर किनारा आहे, सुपारीच्या बागा आहेत. तरी दुकानातून प्लास्टिकच्या ठोकळ्यांचे डबे आणतो, आणि ते हरवतील म्हणून कपाटात कुलूप लावून ठेवतो.

कुरणशाळेवर एक आक्षेप आहे आणि तो हलका नाही. मूल गुरं राखतंय हे तुम्ही मान्यच केलंत की! त्याला कामातून सोडवायचं सोडून कामाच्या जागी शिकवत बसलात. जोतीराव फुल्यांनी 1882 मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिलं, त्यात किमान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी होती. मग पाऊणशे वर्षांनी आपण कुरणात शाळा भरवायची, ही माघार नव्हे का? मला विचाराल तर माघार नव्हे. पण ती कायमची व्यवस्था झाली तर नक्कीच माघार. कोसबाडच्या बायकांना हे कळलेलं होतं, म्हणून त्या कुरणावर थांबल्या नाहीत. त्यांनी विकासवाडी उभी केली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा, तिन्ही एका आवारात. कागदावर हे फार मोठं वाटत नाही. का केलं असेल, हे मला कोसबाडबद्दल वाचून नाही, आपल्या कोळीवाड्यात कळलं.

मी ज्या वर्गावर काम करते तिथे तिसरीतली एक मुलगी दारापर्यंत यायची. कडेवर दीड वर्षाचा भाऊ. आत ये म्हटलं की मान हलवायची. पोर रडलं की ओरडा बसतो, हे तिला आधीच्या अनुभवानं माहीत होतं. आई मासळीची पाटी घेऊन पहाटेच गेलेली. शेवटी आम्ही वाशाला झोळी बांधली. मुलगी झोळीखाली बसायची आणि दोरी स्वतःच्या अंगठ्याला बांधायची. हात पाटीवर, पाय झोका देतोय. असे काही आठवडे गेले. मग वाडीतल्याच एका आजींना थोडे पैसे ठरवून तान्ह्या पोरांपाशी बसवलं. दोरी सुटली तरी चारपाच दिवस त्या पोरीचा पाय आपला हलतच होता.

त्या आजींना आम्ही जे देतो, तो आमच्या अख्ख्या जमाखर्चातला सगळ्यात कामाचा खर्च आहे. आणि त्यासाठीच देणगी मिळत नाही. जूनमध्ये दप्तरं इतकी येतात की एका मुलाला दोन द्यावी लागतात. वह्यांवर दात्याचा फोटो असतो. गणवेश, छत्र्या, खाऊ, सगळं येतं. मार्चमध्ये शिक्षिकेचा पगार द्यायचा असतो तेव्हा फोन लागत नाहीत. पगाराचा फोटो काढता येत नाही ना! छोटी शाळा चालवणाऱ्या कुणालाही विचारा, शाळा बंद पडते ती भिंतींवाचून नाही, माणूस टिकला नाही म्हणून पडते. खाडी ओलांडून बागमांडल्याहून वेसवीला उतरलात तर पलीकडे मंडणगड तालुका, आणि त्याच्या पुढे दापोली तालुका. तिथल्या चिखलगावात राजा आणि रेणू दांडेकरांनी 1980 च्या दशकात काम सुरू केलं ते तिथे राहायला जाऊन. आठवड्यातून एकदा मुंबईहून येऊन नव्हे.

आता आपलं वेळापत्रक बघू. शाळेचं वर्ष 15 जूनच्या सुमारास सुरू होतं. कोळीवाड्यात त्या वेळी होड्या वर ओढलेल्या असतात, पैसा आटलेला असतो, पण घरात माणसं असतात. ऑगस्टमध्ये मासेमारी सुरू झाली की बायांचं बाजाराचं काम वाढतं आणि मोठ्या मुलींची गैरहजेरीही. उन्हं लागली की मासळी वाळवायला हात लागतात. कातकरवाडीवर हिशेब याहून वाईट. पावसाळ्यात घरात काही नसतं, तेव्हा मुकादम उचल देऊन जातो. दिवाळी झाली की कुटुंबच्या कुटुंब वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या कामावर जातं आणि ती उचल फेडून उन्हाळ्याच्या अखेरीस परततं. म्हणजे ज्या महिन्यांत आम्ही घटक चाचण्या घेतो त्या महिन्यांत मूल जिल्ह्यातच नसतं. विवेक पंडितांच्या ‘विधायक संसद’ या संस्थेनं ठाणे जिल्ह्यात भट्ट्यांवरच भोंगा शाळा काढल्या त्या यासाठी. शासनाची हंगामी वसतिगृहं आहेत, शिक्षण हमी कार्ड आहे. कार्ड मुलाबरोबर जातं, पण ते बघणारा माणूस भट्टीवर असेल तरच त्याचा उपयोग.

कायद्याबद्दल थोडं बोललं पाहिजे, कारण सभेनंतर तोच विषय निघतो. 2010 पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्यानं प्राथमिक शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी असं धोरण आणलं. सुंदर गोष्ट. त्याच कायद्यानं मान्यतेशिवाय शाळा चालवली तर 1 लाख रुपयांपर्यंत दंड ठेवला, आणि मान्यतेसाठी वर्गखोल्या, स्वच्छतागृह, क्रीडांगण, कुंपण. पत्र्याच्या शेडमधल्या इंग्रजी माध्यमाच्या दुकानांना आळा घालायचा होता, हेतू रास्त होता. पण कुणी आज नुसती कुरणशाळा काढून तिला शाळा म्हणालं तर अडचणीत येईल. म्हणून माझा सल्ला असा की शाळा काढूच नका. जिल्हा परिषदेची शाळा आहे, तिचा पट टिकवा. मूल त्या शाळेत दाखल करा आणि तुम्ही पाळणाघर चालवा, सकाळ-संध्याकाळचा वर्ग चालवा, भट्टीवर माणूस पाठवा. 2017 च्या अखेरीस दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेच्या वर शाळा दुसऱ्या शाळांना जोडायचं सरकारनं जाहीर केलं, तेव्हा कोकणातल्या वाड्यांची झोप उडाली होती. नकाशावर शेजारची शाळा एक किलोमीटरवर असते. मध्ये जुलैमधला पऱ्या असतो, तो नकाशावर नसतो. पट वाचला तर ती शाळा वाचते, आणि तिच्यासाठी तुम्हाला पत्रेही घ्यावे लागत नाहीत.

शाळा मुलांपर्यंत नेणं आपल्याला जमत नाही असं कुणी म्हणू नये. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ याच किनाऱ्यावर धडकलं. छपरं उडाली, माडपोफळी आडव्या झाल्या, कित्येक दिवस वीज नव्हती. त्यात करोनाची टाळेबंदी. वर्तमानपत्रांत ऑनलाइन शिक्षणाच्या गप्पा चालू होत्या आणि इथे फोन चार्ज करायला सोय नव्हती. तेव्हा आपल्या तालुक्यातल्या काही शिक्षकांनी कुणाच्या ओटीवर, कुणाच्या अंगणात चार-चार मुलं बसवून शिकवलं. त्यांना कुणी कोसबाड सांगितलं नव्हतं. शाळा उघडल्या आणि ती सवय आपण सोडून दिली, याचं मला वाईट वाटतं.

तेव्हा ज्यांना काही करायचं आहे त्यांनी जूनची वाट बघावी. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. जीवना कोळीवाड्यात संध्याकाळी पुरुषमाणसं जाळी विणत बसलेली असतात. वर्षातले तेवढेच दोन महिने पोरांचे बाप निवांत भेटतात. दप्तरं न घेता जा. घरात तान्हं कोण आहे, ते दिवसा कुणाकडे असतं आणि मोठी मुलगी कितवीत आहे, एवढं विचारून या. कातकरवाडीवर मात्र दिवाळीच्या आत जावं लागतं. मुकादम उचल घेऊन येतो त्याच्या आधी.