चुकाऱ्याआधीचा कागद

व्यसनावर बोलायचं म्हटलं की श्रोत्यांना दारूबंदीचं भाषण अपेक्षित असतं. वर्धा कोरडा, गडचिरोली 1993 पासून कोरडा, चंद्रपूर 2015 ते 2021 कोरडा होता, मग आपलाच जिल्हा का ओला, हा प्रश्न आपल्या बायांनी रस्त्यावर उतरून विचारला आहे. तो विषय मोठा आहे, पण आज माझा नाही. ज्यानं पिणं थांबवलंय आणि उद्या सकाळी उठून काय करायचं हे ज्याला उमगत नाही, त्या माणसाबद्दल मला बोलायचंय.

उपचार घेऊन गावी परतलेला माणूस पहिल्याच आठवड्यात यादी करतो. अशी एक यादी मी पाहिली, कृषी केंद्राच्या बिलामागे लिहिलेली. सोसायटीचं कर्ज, घरावर स्लॅब, पोरीचं लग्न, सासऱ्याचे उसने पैसे. खाली दोन रेघा मारून लिहिलं होतं, ‘सारं यंदाच’. जमीन कोरडवाहू तीन एकर, त्यात कापूस. ही यादी लाजेनं लिहून घेतलेली असते. दहा वर्षांत गमावलेलं एका खरिपात परत आणायचं असतं. संक्रांतीपर्यंत हिशेब जमत नाही, आणि ‘आपल्याच्यानं काही होत नाही’ म्हणत पाय पुन्हा दुकानाकडे वळतात.

मी त्या माणसाची यादी तशीच ठेवली आणि दुसरा कागद घेतला. येत्या आठवड्यात अवघड वेळ कोणती, एवढंच विचारलं. उत्तर त्याच्या तोंडावरच होतं: बाजाराचा दिवस. हातात मजुरी, सोबतीला जुने दोस्त. मग लिहिलं, की घरून जेवून निघायचं, बायकोला सोबत न्यायचं, पिशवी भरली की मिळेल त्या ऑटोनं परत. “एवढंच का जी?” त्यानं विचारलं. हो, एवढंच. रिकाम्या पोटी तलफ जोर धरते, म्हणून जेवणसुद्धा ध्येयच.

1935 मध्ये अमेरिकेत दोन पिणाऱ्यांच्या भेटीतून अल्कोहोलिक्स अनॉनिमस उभी राहिली. फक्त आजचा दिवस प्यायची नाही, हे तिथलं सूत्र. सूत्र नामी आहे, पण माझ्या मते आपल्याकडे ते अपुरं पडतं, कारण आपले दिवस सारखे नसतात. एरवीचा मंगळवार आणि पोळ्याची कर एकाच मापानं कशी मोजणार? आता वेच्याआधीची सीतादहीची पूजा होईल, कापसाचा वेचा सुरू होईल, पाठोपाठ विक्रीचे चुकारे येतील. व्यापाऱ्याकडून रोख मिळणार असेल तर आणायला कोण जाणार, आणि त्यातले पहिले पैसे कुठे जाणार, हे आजच ठरायला हवं. चुकारा खिशात पडल्यावर ठरवायला बसलात, तर ठरवणारा खिसाच असतो.

एक गोष्ट मात्र कागदावर सगळ्यांत वर हवी. रोज भरपूर पिणाऱ्यानं घरच्या घरी एकदम बंद केली, तर दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, भास होतात, झटके येतात. जीवही जाऊ शकतो. त्याचं पहिलं ध्येय डॉक्टरला दाखवणं. देवापुढची शपथ त्यानंतर खुशाल घ्या. जेवणातून गुपचूप पावडर देण्याचा उद्योग घरच्यांनी करू नये. तशा औषधावर माणूस प्यायला तर जिवावर बेतू शकतं. तलफ कुठवर नेते, ते वणीनं एप्रिल 2021 मध्ये पाहिलं. टाळेबंदीत दारू मिळेना म्हणून सॅनिटायझर प्यायले आणि सात जण गेले. इच्छाशक्तीवर प्रवचन देणाऱ्यांनी ते आठवावं.

बायकांनाही सांगतो. दोन महिन्यांत तुमचा विश्वास बसावा ही त्याची अपेक्षा अवास्तव आहे. तुम्ही संशय घेतला तर त्यात पाप नाही. खिसे तपासायचे असतील तर त्याच्या देखत तपासा, म्हणजे निदान भांडण उघड होतं.

आणि घसरलाच तर? बरेच जण घसरतात. अशा वेळी ‘आता गेलंच सगळं’ म्हणून आठवडाभर पिणं हे पहिल्या पेल्यापेक्षा घातक. दुसऱ्या दिवशी सकाळी कोणाला सांगायचं, ते नाव आधीच लिहून ठेवा. नाव शक्यतो घराबाहेरचं असावं; घरची माणसं चिडतात, आणि तो त्यांचा हक्क आहे. कोणीच सुचत नसेल तर 14446 हा सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा नंबर लिहा, आणि तो मोबाईलमध्ये दारू उतरलेली असतानाच टाकून ठेवा.